पिशवी काढण्याआधी

‘अंगावरून पांढरं जातंय’, ‘अंग बाहेर येतंय’, ‘ओटीपोटात कळ लागते’. आपल्याकडच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या एवढ्याच शब्दांत आपलं दुखणं सांगितलं, तेही जावेला किंवा बहिणीला, दार लोटून घेऊन. चरकसंहितेत २० योनिव्यापद, म्हणजे स्त्रीरोग, वर्णिले आहेत, म्हणजे वैद्यांना ही दुखणी ठाऊक होती. जिला ती होत होती, तिला कुणी समजावून सांगितली नाहीत.

हा गप्पपणा मोडण्याची किंमत र. धों. कर्वे यांनी मोजली. १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात ते लोकांच्या शंकांना सरळ उत्तरं देत राहिले. त्या उत्तरांवरच अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांची बाजू मांडायला उभे राहिले, तरी दंड चुकला नाही. शरीराची माहिती देणं हा आपल्याकडे गुन्हा ठरला होता, ही गोष्ट पुढचं सगळं वाचताना ध्यानात असू द्यावी.

१९८९ मध्ये डॉ. राणी आणि अभय बंग यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या गावांतल्या ६५० बायकांची तपासणी त्यांनी केली होती. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होता, एकेकीला सरासरी ३.६ आजार. त्याआधी कधी तरी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. म्हणजे ‘बायकांचं काय, काही ना काही दुखतच असतं’ म्हणून जे उडवून लावलं जात होतं, ते खरंखुरं दुखणं होतं.

१६ वर्षांनी, २००५ मध्ये, गोव्यातून वेगळीच बातमी आली. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार बायकांशी बोलून, नमुने तपासून पाहिलं, की अंगावरून जाण्याची तक्रार करणाऱ्या अनेकींना जंतुसंसर्ग नव्हताच. त्या तक्रारीचं जास्त घट्ट नातं निघालं ते काळजी, उदासी, घरातली ओढाताण यांच्याशी. ताण आणि अंगातली उष्णता ही कारणं बायकांनी स्वतःच सांगितली होती.

वरवर पाहिलं तर ही दोन संशोधनं एकमेकांना खोडतात. मला तसं वाटत नाही. गडचिरोली सांगते, आधी नीट तपासा. गोवा सांगतो, तपासणीत काही सापडलं नाही म्हणून बाई खोटं बोलते असं समजू नका. दुखणं अनेक महिने मुरलं की मज्जासंस्था हळवी होते. साध्या स्पर्शाची, भरलेल्या मूत्राशयाचीही ती धोका म्हणून दखल घेते. भीतीने श्वास वर अडकतो, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळले जातात, आवळलेले स्नायू दुखतात आणि दुखलं की भीती वाढते. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये वेदनेच्या ‘फाटका’चा सिद्धांत मांडला, तेव्हापासून वेदनेत मेंदूचा वाटा असतो हे वैद्यकाला मान्य आहे. ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असं बाईला सुनावण्याचा परवाना मात्र त्याने कुणाला दिलेला नाही.

हे चक्र तिला उलगडून सांगणं हा उपचाराचाच भाग आहे. अमेरिकेतल्या अर्नॉल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम मांडला, तेव्हा दाब मोजणारं एक साधनही वापरलं. आपला स्नायू आवळला की काटा हलतो, हे बाई स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकत होती. अर्थात तो व्यायाम सरसकट सगळ्यांना चालत नाही. जिचे स्नायू आधीच ताठलेले आहेत तिला ते सैल सोडायला, पोटातून श्वास घ्यायला आधी शिकवावं लागतं. कुणाला काय हवं हे कळायला शेजारी बसून बोलणारं माणूस लागतं.

ते माणूस नसलं की काय होतं, ते बीडने दाखवलं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आकडा आला: ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली. पोटात दुखतंय, अंगावरून जातंय म्हणून त्या दवाखान्यात गेल्या होत्या. कॅन्सर होईल अशी भीती घातली गेली, असं अनेकींनी सांगितलं. एका खाड्याला दंड, डोक्यावर मुकादमाची उचल, फडावर ना आडोसा ना पाणी. अशा बाईला ‘एकदाचं काढून टाका’ हा सल्ला सुटकेसारखाच वाटणार. आणि काढल्यावरही कंबर दुखतच राहिली, हेही त्यांच्यातल्या कित्येकींनी सांगितलं.

अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या लागू करायला सांगितलं. शस्त्रक्रियेआधी परवानगीचा कागद हवाच. पण परवानगी देणारा अधिकारी त्या बाईशी बोलत नाही. आपल्या व्यवस्थेत सोनोग्राफीचं बिल होतं, शस्त्रक्रियेचं होतं. शेजारी बसून २० मिनिटं समजावल्याचं कुठेच होत नाही, म्हणून ते काम कुणाचंच नसतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते नेमून दिलेलं, पगार असलेलं काम झालं पाहिजे. आशाताई गावातल्या घरांत जातातच. त्यांना प्रशिक्षण द्या आणि त्याचा वेगळा मोबदलाही द्या.

दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. त्याआधीच्या एखाद्या दुपारी, गावातल्याच अंगणवाडीत, पुरुषांना बाहेर थांबवून कुणी तरी या बायकांपुढे ओटीपोटाचं चित्र टांगावं. पिशवी कुठे असते, लघवीची पिशवी कुठे, दुखतं तेव्हा आत काय होतं, पांढरं जाणं केव्हा नेहमीचं आणि केव्हा दाखवण्यासारखं, हे तिथे बोलावं. मग प्रश्न त्यांना विचारू द्यावेत.