पावसाचा सातबारा

रत्नागिरीत बसून मी अमेरिकेतल्या वादळांचा अभ्यास करू शकतो. त्यांच्या नेक्सरॅड रडारांचा १९९१पासूनचा साठा २०१५ साली अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर खुला झाला. तो उतरवून घ्यायचीही गरज नाही. गणित तिथेच चालवायचं, उत्तर तेवढं घरी आणायचं. २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं, त्या दिवसाचा हिशेब मात्र मला असा मांडता येत नाही.

कोळकेवाडीचं पाणी सोडलं म्हणून बुडालो, की पाऊस आणि भरतीनं, हा वाद तेव्हापासून आहे. आता नोंदी बघा. पाऊस हवामान खात्याकडे, कोयनेचा विसर्ग जलसंपदा आणि वीज कंपनीकडे, भरती तिसऱ्याच कुणाकडे. अर्ज वेगळे, फाइलींचे अवतार वेगळे. मंडळनिहाय पाऊस संकेतस्थळावर दिसतो, मान्य. पण आकडा दिसणं वेगळं आणि हजारो दिवसांचे आकडे गणिताला हाती येणं वेगळं. हवामान खात्याचा पाव अंशाच्या चौकटींतला रोजचा पाऊस फुकट उतरवता येतो, त्याबद्दल आभारच. पण पाव अंश म्हणजे साधारण २७ किलोमीटर. समुद्रापासून सह्याद्रीच्या कड्यापर्यंत आपल्या जिल्ह्यात असे दोन-अडीच चौकोन बसतात! किनाऱ्यावरचा पाऊस आणि घाटातला पाऊस यांतला फरक इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

यावर ठरलेलं उत्तर : महासंगणक घेतले की. घेतले. पुण्याच्या आयआयटीएममध्ये २०१८ साली 'प्रत्यूष' आला, २०२४ साली ११.७७ पेटाफ्लॉप्सचा 'अर्क'. मे २०२५मध्ये सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देणारी प्रणालीही सुरू झाली. उत्तम. पण स्वयंपाकघर मोठं केलं म्हणून पंगत बसत नाही. पुण्यातला अंदाज वाशिष्ठीच्या खोऱ्यात कितपत खरा ठरला, हे इथल्या कॉलेजातल्या पोरांनी तपासायचं कशावर?

मग सगळं परदेशी कंपन्यांच्या हवाली करायचं का? मुळीच नाही. क्लाउडचे मोठे दुकानदार माल आत घ्यायला सहसा पैसे घेत नाहीत, बाहेर काढायला घेतात. ही मेख ओळखूनच व्यवहार करावा. पण सरकारचा स्वतःचा क्लाउड आहे, आणि त्याचं नाव चक्क 'मेघराज' आहे. त्यात एक कोपरा पावसाला मिळू नये?

सातबारा ऑनलाइन करता आला, तर हेही येईल. आधी वाशिष्ठीपुरतं करा : तासागणिक पाऊस, विसर्ग, भरती, एका जागी, एका साच्यात, आणि शेजारीच गणित चालवायची सोय. सुरुवात २२ जुलै २०२१च्या चोवीस तासांपासून करा.