आजोबांची फियाट थांबते का?

जुनी गाडी दारात उभी असली की येणारा-जाणारा एकच प्रश्न विचारतो, “चालते का हो अजून?” मीही इतकी वर्षं अभिमानाने “हो, मस्त चालते” असं सांगत आले. गेल्या वर्षी फेब्रुवारीत लक्षात आलं, की विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच आहे. गाडी थांबते का?

आमच्या नोएडाच्या घरी सासऱ्यांची १९६८ची फियाट ११०० आहे. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली, गिअरचा दांडा स्टीअरिंगपाशी असलेली. बाबांची बदली दिल्लीला झाली तेव्हा सामानाच्या आधी गाडीची सोय लागली होती, असं सासूबाई अजून चिडवतात. आता ती विंटेज म्हणून नोंदलेली आहे, त्यामुळे रॅली किंवा प्रदर्शन असेल तेव्हाच बाहेर पडते.

त्या रविवारी आम्ही दिल्लीत रॅलीला निघालो होतो. पुढे बाबा आणि माझे यजमान, मागे मी आणि दहा वर्षांची लेक. आश्रम चौकाच्या अलीकडे समोरचा सायकलवाला अचानक थबकला. बाबांनी ब्रेक दाबला आणि पेडल थेट तळाला गेलं. पुन्हा दाबला, तेच. बाबांनी हँडब्रेक खेचला. गाडी सायकलच्या मडगार्डपासून हातभर अंतरावर उभी राहिली. कुणी काही बोललं नाही. शेवटी लेक म्हणाली, “आजोबा, आपण घरी जाऊ या ना.”

नेमकं काय झालं होतं?

गाडी टो करून करोलबागला एका वयस्कर मिस्त्रींकडे नेली. मागचं डावं चाक काढलं तर आतली बाजू ओलीचिंब. चाकातल्या छोट्या सिलिंडरचं रबर कुजलं होतं आणि ब्रेक ऑइल तिथून गळून गेलं होतं.

तुम्ही म्हणाल, एक चाक गेलं तर बाकीच्या तीन चाकांचं काय? गोम तिथेच आहे. त्या काळातल्या बहुतेक छोट्या गाड्यांत चारही चाकांना ऑइलची एकच वाट असते. कुठेही भोक पडलं की सगळ्या चाकांचा दाब जातो. हँडब्रेक ऑइलवर चालत नाही, म्हणून तो कामाला आला. हल्लीच्या गाड्यांत मास्टर सिलिंडरचे दोन भाग असतात. एक वाट फुटली तरी दुसरी दोन चाकं धरून ठेवते. अमेरिकेत नव्या मोटारींना ही दुहेरी सोय १९६८पासूनच सक्तीची झाली. म्हणजे आमची फियाट जन्मली त्याच वर्षी!

डिस्क बसवायच्या का?

घरी आल्यावर वाद सुरू झाला. यजमानांचं म्हणणं, पुढच्या चाकांना सरळ डिस्क ब्रेक लावू. बाबा म्हणाले, “मग ती माझी फियाट राहील का?”

दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं. ड्रम ब्रेकमध्ये पट्टे आतून ड्रमवर घासतात. उष्णता आतच कोंडते आणि पुन्हा पुन्हा ब्रेक लावला की पकड कमी होते. डिस्क उघड्या हवेत असते, ती लवकर थंड होते आणि पाण्यातून गेल्यावर लवकर कोरडीही होते. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, हेही विसरू नका. ताशी ४०ने धावायच्या काळातले ब्रेक ताशी ८०ला तसेच पुरतील, असं धरून चालता येत नाही. खुद्द इटलीत फियाटने १९६६च्या ११०० आर मॉडेलला पुढे डिस्क दिल्या होत्या. कुर्ल्याच्या गाड्या मात्र ड्रमवरच राहिल्या.

पण डिस्क म्हणजे नुसती चकती आणून लावणं नव्हे. तिला पायाचा जोर जास्त लागतो, म्हणून बहुधा बूस्टर लागतो. ड्रमसाठीच्या मास्टर सिलिंडरमध्ये थोडा दाब धरून ठेवणारी झडप असते. ती तशीच राहिली तर डिस्क सतत घासत राहते. पुढचे-मागचे ब्रेक एकमेकांना जुळले नाहीत आणि मागची चाकं आधी जाम झाली, तर गाडी गरकन फिरते. कॅलिपर जुन्या रिममध्ये मावतो का, हेही बघावं लागतं. कश्मीरी गेटच्या बाजारात सुटे भाग मिळतील, पण ते एकमेकांशी जुळवणं हे जाणकाराचंच काम.

मिस्त्रींनी मधला मार्ग सुचवला. आधी जे आहे ते शंभर टक्के नीट करायचं. चारही चाकांचे सिलिंडर, रबरी होज आणि पट्टे नवे. ड्रम मोजून घ्यायचे. आणि एकच सुधारणा, दुहेरी मास्टर सिलिंडर. चासीला वेल्डिंग नाही, नवं भोक नाही. जुना सिलिंडर स्वच्छ करून डब्यात जपून ठेवायचा, म्हणजे उद्या कुणाला गाडी मूळ रूपात हवी असली तर एका दिवसात ती तशी होईल. बाबा या गोष्टीला लगेच तयार झाले.

कागदपत्रांचं काय?

२०२१च्या विंटेज नियमांनुसार गाडी ५० वर्षांहून जुनी हवी आणि तिच्या चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधनं घालतं. म्हणून कोणतीही सुधारणा करण्याआधी आरटीओला लेखी विचारा आणि विमा कंपनीला कळवा. तुमची जुनी पेट्रोल गाडी विंटेज नसेल, तर दिल्ली-एनसीआरमध्ये १५ वर्षांच्या मर्यादेचा प्रश्न आहेच. त्याबाबतचे आदेश वेळोवेळी बदलत आले आहेत, तेव्हा ताजी स्थिती तपासूनच पैसे खर्च करा.

तुम्ही घरी काय तपासाल?

• गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद ठेवून पेडल घट्ट दाबा आणि अर्धा मिनिट तसंच धरा. ते हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे. गाडी बाहेर काढू नका.

• चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसते का बघा.

• ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. गाडी उभी असली तरी दर दोन वर्षांनी ऑइल बदला.

• पेडल सोडल्यावरही एखादं चाक अडकून राहत असेल, तर होज आतून फुगलेला असू शकतो. बाहेरून तो धडधाकट दिसतो.

• जुन्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ फुंकू नका, हवेचा झोत मारू नका. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा आणि मुलांना लांब ठेवा.

• टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. टायर जुनाट असतील तर उत्तम ब्रेकही उपयोगाचे नाहीत.

• हँडब्रेक फक्त पार्किंगसाठी आहे असं समजू नका. तो चालू स्थितीत ठेवा.

यंदाच्या रॅलीला निघण्याआधी बाबांनी सोसायटीच्या रिकाम्या रस्त्यावर दहा-बारा वेळा ब्रेक मारून बघितला. लेक फूटपाथवर उभी राहून मोजत होती. मग तिने स्वतःच मागचं दार उघडलं आणि आत बसली.

तुमच्याही घरी आजोबांची फियाट किंवा बाबांची मारुती ८०० असेल, तर तिला पॉलिश करण्याआधी येत्या रविवारी पेडलवर पाय ठेवून अर्धा मिनिट मोजा.