स्पर्धा पुष्कळ, शिक्षण कोठें?

पुण्यांतील पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका-स्पर्धा १९६३ सालीं सुरू झाली. २०२२ सालीं परीक्षकांनीं एकहि एकांकिका पात्र न ठरवितां करंडक कोणासच दिला नाहीं, तेव्हां बराच गलबला झाला. कोणी परीक्षकांस कठोर म्हटलें, कोणी विद्यार्थ्यांस आळशी ठरविलें. आमचा प्रश्न निराळा आहे: या मुलांस शिकविलें कोणीं होतें? श्वास कसा राखावा, शब्द शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोंचवावा, समोरच्याचें ऐकून मग उत्तर कसें द्यावें, यांस बहुतेक महाविद्यालयांच्या वेळापत्रकांत एक तासहि नसतो. शिकवितात ते मागल्या वर्षींचे विद्यार्थी, आणि तेंहि वर्ग सुटल्यावर.

वक्तृत्वाची स्थिति याहून वाईट. पाठ केलेलें भाषण धडाधड म्हणून दाखविणें यास आपण वक्तृत्व म्हणतों. मध्येंच कोणीं शंका काढली कीं वक्ता गारद! ज्या पुण्यांत न्यायमूर्ति रानड्यांनीं १८७५ सालीं वसंत व्याख्यानमालेस चालना दिली, त्या पुण्याची ही गोष्ट.

व्यापारी वाचक विचारतील, नाटकें करून दुकान चालतें काय? गिऱ्हाइकासमोर वा बँकेंत ज्यांच्या चिरंजीवांची जीभ टाळ्यास चिकटते, त्यांनींच याचें उत्तर द्यावें. खेड्यांतून आलेला मुलगा तर उच्चाराच्या उपहासानें तीन वर्षें मागच्या बाकावर मुका बसतो. त्याची बोली न मोडतां त्यास धीट करणें हें शिक्षकाचें काम आहे, करंडकाचें नव्हे. संस्थाचालकांनीं नेपथ्यावरील खर्चास हात लावण्यापूर्वीं असा एक शिक्षक पगार देऊन नेमावा.