विश्लेषण : मूत्रपिंडाचा जुना कर्करोग पिट्युटरीत कसा?

मूत्रपिंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन दहा वर्षे झाली, तपासण्या थांबल्या, फाइल माळ्यावर गेली. मग कडेचे दिसेनासे झाले की डोंबिवलीतला रुग्ण चष्म्याचा नंबर तपासतो. तहान वाढली की रक्तातील साखर. दोन्ही योग्यच. पण क्वचित या तक्रारींमागे तोच जुना कर्करोग असू शकतो.

इतक्या वर्षांनी कसा?

हा कर्करोग रक्तावाटे पसरतो. फुप्फुसे, हाडे, यकृत, मेंदू ही त्याची नेहमीची ठिकाणे. पिट्युटरी (पीयूषिका) ग्रंथीत तो फार क्वचित जातो. मात्र मूत्रपिंड काढल्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळाने तो पुन्हा उद्भवू शकतो.

लक्षणे कोणती?

वाटाण्याएवढ्या पिट्युटरीच्या अगदी वर डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात. गाठीचा दाब पडला की दोन्ही डोळ्यांना बाहेरच्या बाजूचे दिसेनासे होते. समोरची लोकल दिसते, फलाटावर शेजारून येणारा माणूस दिसत नाही. डोकेदुखी, प्रचंड थकवा, मळमळ, कमी रक्तदाब हीही लक्षणे. साखर नॉर्मल असूनही तहान आणि लघवी बेसुमार वाढली, तर संप्रेरकांची तपासणी हवी.

इतिहास सांगणे का महत्त्वाचे?

एमआरआयमध्ये ही गाठ पिट्युटरीच्या साध्या गाठीसारखी दिसू शकते. शिवाय तिच्यात रक्तवाहिन्या भरपूर असल्याने नाकावाटे शस्त्रक्रिया करताना मोठा रक्तस्राव होऊ शकतो. आधी कल्पना असेल तर शल्यविशारद तयारीने उतरतात. रेडिएशन, कर्करोगपेशींना लक्ष्य करणारी औषधे आणि इम्युनोथेरपी हे पर्यायही आहेत. कॉर्टिसॉल आणि थायरॉइड दोन्ही कमी असतील, तर कॉर्टिसॉलची उणीव आधी भरून काढावी लागते. क्रम चुकला तर जिवावर बेतू शकते.

काय करता येईल?

ठाणे-कल्याण पट्ट्यातील अनेकांचे कर्करोगावरील उपचार परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात होतात. नव्या तक्रारी मात्र कळवा रुग्णालयात, कल्याणच्या रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयात सांगितल्या जातात. आरोग्याच्या नोंदी जोडण्यासाठी २०२१मध्ये देशभर आयुष्मान भारत डिजिटल मिशन सुरू झाले. पण १४ अंकी ‘आभा’ क्रमांक काढला म्हणून जुनी कागदी फाइल आपोआप डॉक्टरांसमोर येत नाही. म्हणून पॅथॉलॉजी अहवालाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवावा. रुग्णालयांनीही केसपेपरवर ‘पूर्वी कर्करोग झाला होता का?’ ही एक ओळ छापावी. त्याला ना यंत्र लागते, ना निधी. वेळीच विचारलेला हा प्रश्न एखाद्याची दृष्टी वाचवू शकतो.