दहा प्रश्नांची मुभा गेली, वाट कोणाची अडली?

बारावीनंतर दिल्ली विद्यापीठ, जेएनयू किंवा लखनौचे बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठ अशा केंद्रीय विद्यापीठांत शिकायचे, तर सीयूईटी ही सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ती 2022 साली सुरू झाली आणि तेव्हापासून तिचा आराखडा एका जागी थांबलेला नाही. पहिली दोन वर्षे परीक्षा संगणकावर झाली. 2024 ला काही विषय कागदावर आले. 2025 ला पुन्हा सगळे संगणकावर गेले. विषय 63 वरून 37 वर आले, एका विद्यार्थ्याला 6 ऐवजी 5 च विषय घेता येऊ लागले. दरवेळी सांगितले गेले की हा केवळ तांत्रिक बदल आहे. आम्हाला हे मान्य नाही. परीक्षेचा आराखडा बदलला की आत कोण जाणार आणि दाराबाहेर कोण राहणार, हेही बदलते.

2025 च्या बदलांपैकी एकच बदल तपासून पाहू. त्याआधी बहुतेक विषयांत 50 प्रश्न येत आणि त्यांतले कोणतेही 40 सोडवायचे असत. म्हणजे दहा प्रश्न सोडण्याची मुभा होती. 2025 पासून सर्व 50 प्रश्न सक्तीचे झाले. बरोबर उत्तराला 5 गुण, चुकीच्या उत्तराला 1 गुण वजा. आता हिशेब करा. ज्या मुलीला दहा प्रश्नांचा धडाच कोणी शिकवलेला नाही, तिला पूर्वी उरलेल्या 40 प्रश्नांवर 200 पैकी 200 गुण मिळवता येत होते. आज तीच मुलगी तेवढाच अभ्यास करून 250 पैकी 200 वर अडकते. अंदाजाने उत्तरे द्यावीत, तर हातचे गुण जाण्याची भीती.

हा धडा तिला का शिकवला गेला नाही? कारण सीयूईटीचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकांवर बेतलेला आहे आणि आमची मुले राज्य मंडळाची पुस्तके वाचतात. परीक्षेच्या 13 भाषांत मराठी आहे, याचे कौतुक होते. पण एनसीईआरटीची पुस्तके निघतात ती मुख्यतः हिंदी, इंग्रजी आणि उर्दूत. प्रश्नपत्रिका मराठीत आणि पुस्तक परक्या भाषेत, हा कुठला न्याय? ती दहा प्रश्नांची मुभा सर्वांनाच होती, हे खरे. पण तिची गरज सर्वांना सारखी नव्हती. आराखडा बदलला की मोठ्या शहरातला क्लासवाला लगेच नव्या सराव परीक्षा काढतो. फी भरणाऱ्याचे काही अडत नाही. अडते ते समाजकल्याणच्या वसतिगृहात, आश्रमशाळेत शिकणाऱ्या, घरातल्या पहिल्या शिकणाऱ्या पिढीचे.

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेतही हेच घडले. 2021 ते 2024 या काळात 200 पैकी 180 प्रश्न सोडवायचे असत. 2025 ला पर्याय गेला आणि 200 मिनिटांची वेळही 180 मिनिटांवर आली. 2024 ला सीयूईटीचे काही विषय कागदावर घेताना ग्रामीण मुलांना जवळचे केंद्र मिळेल असे सांगितले होते. मग वर्षभरात ती ग्रामीण मुले कुठे गेली?

जुनी पद्धत फार न्यायाची होती, असा आमचा दावा नाही. 2021 साली दिल्ली विद्यापीठाच्या काही महाविद्यालयांत प्रवेशाची यादी 100 टक्क्यांवर लागली होती. बारावीला घेतलेला नसला तरी तो विषय सीयूईटीत निवडता येतो, ही 2025 ची सवलतही चांगली आहे. आमचा विरोध परीक्षेला नाही. नियम ठरवताना आमच्या मुलांना न मोजण्याला आहे.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1907 साली मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना 750 पैकी 282 गुण होते. पुढे कोलंबिया आणि लंडनच्या विद्यापीठांनी त्यांच्या विद्वत्तेवर शिक्कामोर्तब केले. त्या 282 गुणांवरच कोणी फाटक लावून घेतले असते तर? गुणवत्तेचा डांगोरा पिटणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे. एकलव्याचा अंगठा मागायला आता द्रोणाचार्य लागत नाही, एक परिपत्रक पुरते.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. आराखड्यातला कोणताही मोठा बदल किमान दोन वर्षे आधी, म्हणजे मूल अकरावीत जाण्यापूर्वी जाहीर करावा. बदलापूर्वी आणि बदलानंतर अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी आणि प्रादेशिक भाषेतून परीक्षा देणाऱ्यांचे निकाल वेगळे करून प्रसिद्ध करावेत. ज्या भाषेत परीक्षा, त्या भाषेत पुस्तक द्यावे. प्रत्येक शासकीय वसतिगृहात संगणक आणि मोफत सराव परीक्षा असाव्यात. बार्टीने सीयूईटीची मराठी मार्गदर्शिका तालुक्यापर्यंत पोहोचवावी. दुर्बल घटकांच्या, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक हिताची जबाबदारी संविधानाच्या अनुच्छेद 46 ने शासनावर टाकली आहे. आम्ही भीक मागत नाही.

आणि थोडे आपल्याकडेही पाहू. बाबासाहेबांनी 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. नोकरी करणाऱ्यांनाही शिकता यावे म्हणून तिथे सकाळी वर्ग भरत. विद्यार्थ्याच्या अडचणीप्रमाणे शाळेची वेळ बदलणारा हा आमचा वारसा आहे. आज वस्तीवस्तीत बुद्धविहारे आहेत. संध्याकाळी वंदना झाल्यावर तिथे दोन तास दिवा जळत राहिला, शिकलेल्या चार तरुणांनी बारावीची मुले समोर बसवली, सीयूईटीचा अर्ज कधी भरायचा आणि कसा भरायचा एवढे जरी सांगितले, तरी पुष्कळ होईल. जयंतीच्या वर्गणीतला काही भाग संगणकासाठी बाजूला काढायला कोणाची हरकत असणार?

शासनाशी भांडत राहू. पण परीक्षेची तारीख आमच्या भांडणासाठी थांबणार नाही. यंदा आपल्या वस्तीतली किती मुले बारावीला आहेत, हे आजच मोजून ठेवा.

जयभीम!