पुढच्या ब्रेकच्या बदलांना नियमाची चौकट द्या: वजनदार टूरिंग मोटरसायकलींसाठी मागणीपत्र

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

प्रत: केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय, नवी दिल्ली; भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरण, हैदराबाद

विषय: वजनदार टूरिंग मोटरसायकलींच्या पुढच्या ब्रेकची देखभाल, पर्यायी भाग आणि रचनेतील बदल यांबाबत स्पष्ट नियम ठरवण्याविषयी

महोदय,

आमच्या संघटनेत लांब पल्ल्याचा प्रवास करणारे मोटरसायकलस्वार आहेत, तसेच त्यांच्या गाड्या सांभाळणारे गॅरेजचालकही आहेत. ब्रेक दाबणारा हात आणि ब्रेक खोलणारा हात असे दोन्ही या निवेदनामागे आहेत. पुढच्या ब्रेकमध्ये कोणता बदल चालेल, कोणता तपासून घ्यावा लागेल आणि कोणता मुळीच चालणार नाही, हे शासनाने लिहून द्यावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. त्याची कारणे आणि मागण्या पुढे मांडत आहोत.

१. आजची अडचण

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल मालकाला करता येत नाही. वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात फरक पडेल असा रचनेतील बदल म्हणजे फेरबदल, असा खुलासा त्याच कलमाखाली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात हे कलम काटेकोरपणे लागू केले. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये प्रत्येक बेकायदा फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

या तरतुदींना आमचा विरोध नाही. कानठळ्या बसवणारे सायलेन्सर आणि कापलेले मडगार्ड आम्हालाही नकोत. पण जुना रबरी होस पाइप काढून स्टीलच्या जाळीचा बसवला, तर गाडीचे मूलभूत वैशिष्ट्य बदलले का? वेगळ्या प्रतीचे पॅड टाकले तर? ड्रमच्या जागी डिस्क आली तर? दुसरा कॅलिपर जोडला तर? या चार कामांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तपासणीच्या वेळी मात्र उत्तर समोरच्या अधिकाऱ्यावर अवलंबून राहते. सुक्याबरोबर ओलेही जळते. म्हणून चांगला मेकॅनिक हे काम अंगावर घेत नाही आणि ते बिल न देणाऱ्याच्या हाती जाते.

२. पुढचा ब्रेकच का?

ब्रेक लावला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो. जोरात थांबताना बहुतेक काम पुढचा ब्रेकच करतो. गाडी २०० किलोची आणि चालक ७५ किलोचा धरला तर वजन २७५ किलो होते. मागे जोडीदार बसला, दोन्ही बाजूंना पेट्या लागल्या आणि वर तंबूची बॅग चढली की हाच आकडा ३८० च्या घरात जातो. एवढ्या वजनाला ताशी ८० किलोमीटर वेगावरून थांबवताना सुमारे ९४ किलोज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. एकट्या चालकाच्या तुलनेत ती ३८ टक्के जास्त आहे.

घाटात हिशेब आणखी बदलतो. घाटमाथ्यावरून कोकणात उतरताना ६०० मीटरची उंची कमी झाली, तर या भरलेल्या गाडीची सुमारे २,२०० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. ताशी ८० वरून ही गाडी चोवीस वेळा पूर्ण थांबवण्याइतकी ती आहे. खालच्या गिअरमध्ये उतरले तर इंजिन आणि वारा तिचा मोठा वाटा उचलतात. क्लच दाबून किंवा वरच्या गिअरमध्ये उतरले तर तो भार डिस्क, पॅड आणि ब्रेक ऑइलवर येतो.

डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतले बाष्प शोषत राहते, आणि पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. वरंध घाटाच्या शेवटच्या वळणांवर असे जुने ऑइल उकळले की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दबत नाही, वाफ दबते. लिव्हर थेट ग्रिपला टेकतो आणि गाडी पुढे जातच राहते.

हेही प्रांजळपणे सांगायला हवे की ‘ब्रेक कमी लागतो’ अशी तक्रार घेऊन आमच्या गॅरेजांत येणाऱ्या कित्येक गाड्यांना कसलाच बदल लागत नाही. कॅलिपरच्या अडकलेल्या पिना साफ करून ग्रीस लावले, चकचकीत झालेले पॅड बदलले, ऑइल नवे भरून नीट एअर काढली की ब्रेक पूर्ववत होतो. बदलाची गरज उरते ती मुख्यतः दोन ठिकाणी: ड्रम ब्रेकच्या जुन्या बुलेट आणि कायम दोन माणसे व सामान घेऊन फिरणाऱ्या गाड्या.

३. चुकीचा बदल काय करतो

बदल बेहिशेबी झाला तर मूळ ब्रेक परवडला असे म्हणायची वेळ येते. १४ मिलिमीटरचा मास्टर सिलिंडर काढून १६ चा बसवला की पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे ३१ टक्क्यांनी वाढते. लिव्हर कडक लागतो आणि चालक खूश होतो. प्रत्यक्षात लिव्हरची रचना तीच असेल, तर पूर्वीइतका दाब मिळवायला बोटांना ३१ टक्के जास्त जोर लावावा लागतो. उलट, जुन्याच मास्टर सिलिंडरवर तसाच दुसरा कॅलिपर जोडला तर ढकलायचे ऑइल दुप्पट होते आणि लिव्हर खोल आत जातो.

बाकीच्या चुका छोट्या दिसतात. होस पाइपच्या बोल्टखालचा तांब्याचा वॉशर एकदा दाबला गेला की नवाच टाकायचा असतो. तो पुन्हा वापरला की ऑइल झिरपते. पाइप आखूड पडला तर हँडल पूर्ण वळवल्यावर ताणला जातो. फोर्कच्या नळीवर वेल्डिंग करून कॅलिपरचा ब्रॅकेट बसवला तर प्रत्येक ब्रेकचा पीळ त्या वेल्डिंगवर येतो. एबीएस असलेल्या गाडीत कॅलिपर किंवा चाकाचा सेन्सर बदलला तर कंपनीने बसवलेले गणितच बिघडते.

म्हणजे बदल सरसकट मोकळे सोडणे धोक्याचे आहे आणि सरसकट बंदी घालून ते लपून करायला लावणेही तितकेच धोक्याचे.

४. आमच्या मागण्या

मागणी १: तीन वर्ग ठरवा.
अ) देखभाल: मूळ मापाचे व प्रतीचे पॅड, डिस्क, होस पाइप, सील आणि ऑइल. यासाठी कोणतीही परवानगी लागू नये.
ब) मान्य पर्यायी भाग: स्टीलच्या जाळीचे होस पाइप, वेगळ्या मिश्रणाचे पॅड, मूळ मापाची पण दुसऱ्या उत्पादकाची डिस्क. भागावर मान्यतेची खूण आणि मालकाकडे बिल असेल तर ते पुरेसे मानावे.
क) रचनेतील बदल: डिस्कचा व्यास, कॅलिपर, मास्टर सिलिंडर, दुहेरी डिस्क, ड्रमऐवजी डिस्क. हे मान्य किट, अधिकृत कार्यशाळा आणि आरसीवरील नोंद यांशिवाय होऊ नये.
वर्ग ‘अ’ बाबतचा खुलासा परिवहन आयुक्तालयाने परिपत्रकाने सर्व प्रादेशिक परिवहन कार्यालयांना तातडीने पाठवावा. ‘ब’ आणि ‘क’ साठी केंद्राकडे नियमदुरुस्तीची शिफारस करावी.

मागणी २: किट मान्यतेची व्यवस्था उभी करा.
यासाठी नवे खाते नको. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १२६ खालील चाचणी संस्थांपैकी एआरएआय आणि सीआयआरटी पुण्यात आहेत, व्हीआरडीई अहिल्यानगरला आहे. जुन्या गाडीला सीएनजी किट बसवताना आपण हीच पद्धत वापरतो: किटला मान्यता, बसवणारा अधिकृत, आरसीवर नोंद. इंधनाची टाकी आणि गॅसची नळी बदलायला जी शिस्त पुरते, ती ब्रेकलाही पुरावी. जर्मनीत असे भाग मान्यतापत्रासह विकले जातात, आणि काही भाग बसवल्यावर तज्ज्ञाकडून तपासून कागदपत्रांत नोंदवावे लागतात.

मागणी ३: चाचणी भरलेल्या गाडीची घ्या.
दुचाकीच्या ब्रेकसाठीच्या भारतीय मानकाच्या धर्तीवर किटची चाचणी थंड, तापलेल्या आणि ओल्या ब्रेकवर व्हावी. त्यात गाडीच्या कमाल मान्य वजनावर, लागोपाठ ब्रेक लावून घेतलेली चाचणी सक्तीची असावी. एकट्या चालकासह सपाट रस्त्यावर उत्तीर्ण झालेले किट घाटात टिकेलच, असे नाही.

मागणी ४: जुन्या बुलेटसाठी अभय योजना आणा.
पंधरा वर्षांनंतर पुनर्नोंदणीला आलेल्या ड्रम ब्रेकच्या बुलेटवर पुढे डिस्क दिसली की मालक कोंडीत सापडतो. बरेच जण तपासणीपुरता ड्रम परत बसवतात आणि नंतर काढतात. एका वर्षाची मुदत द्यावी. जो मालक आपणहून गाडी तपासणीला आणेल त्याला दंड नसावा. कंपनीचाच फोर्क, हब, २८० मिलिमीटरची डिस्क आणि जुळणारा मास्टर सिलिंडर असेल तर नोंद द्यावी. वेल्डिंगचा किंवा जुळवाजुळवीचा ब्रेक असेल तर तो काढायला लावावा.

मागणी ५: एबीएसला हात लावू देऊ नका, पण त्याची सर्व्हिस खुली करा.
१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे आहे. ते निकामी करणारा प्रत्येक बदल बेकायदा राहावा. मात्र एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायला अनेक गाड्यांत स्कॅनर जोडून आतले व्हॉल्व्ह उघडावे लागतात. हा स्कॅनर आणि त्याची माहिती स्वतंत्र गॅरेजांना वाजवी दरात मिळावी, म्हणजे आडगावच्या चालकाला हवा अडकलेला ब्रेक घेऊन शहरातल्या सर्व्हिस सेंटरपर्यंत जावे लागणार नाही.

मागणी ६: बनावट भाग दुकानातच रोखा.
महत्त्वाचा सुरक्षा भाग म्हणून अधिसूचित झालेला पण निकषांत न बसणारा भाग विकणाऱ्याला कलम १८२-अ खाली एक वर्षापर्यंत कैद, प्रत्येक भागामागे एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ब्रेकचे कोणते भाग या व्याख्येत येतात, त्यांवर कोणती खूण हवी, याची यादी मराठीत प्रसिद्ध करून सुट्या भागांच्या दुकानांत लावावी. पावती रस्त्यावरच्या चालकाची फाडायची आणि खूण नसलेले पॅड विकणाऱ्याला हात लावायचा नाही, हे उलटे आहे.

मागणी ७: विम्याची भाषा स्पष्ट करा.
मान्य किट, आरसीवर नोंद आणि विमा कंपनीला लेखी कळवलेला बदल, या तिन्ही गोष्टी असतील तर केवळ ब्रेक बदलला म्हणून दावा नाकारू नये, असे निर्देश प्राधिकरणाने द्यावेत. न कळवलेल्या बदलाची जबाबदारी मालकाची, हे आम्ही मान्य करतो.

मागणी ८: मेकॅनिकला शिकवा, मग जाब विचारा.
व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयामार्फत आयटीआयमध्ये ब्रेकच्या हायड्रॉलिक्सचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम सुरू करावा. मास्टर सिलिंडर आणि कॅलिपरचे गुणोत्तर, टॉर्क रेंचचा वापर, एअर काढण्याची पद्धत आणि एबीएसची तपासणी हे त्यात असावे. तो पूर्ण करणाऱ्यालाच वर्ग ‘क’ चे काम करता यावे.

५. आमची बांधिलकी

मागण्या करताना आम्ही स्वतःवरही बंधने घेत आहोत. आमचे सदस्य गॅरेजचालक एबीएस काढणार नाहीत, साध्या डिस्कला लेथवर भोके पाडणार नाहीत, फोर्कवर ब्रॅकेट वेल्ड करणार नाहीत आणि खूण नसलेले पॅड बसवणार नाहीत. ब्रेकच्या प्रत्येक कामाचा लेखी दाखला देऊ. त्यात भागांचे क्रमांक, बोल्ट किती टॉर्कने आवळले, ऑइल भरल्याची तारीख आणि हँडल पूर्ण वळवून पाइप तपासल्याची नोंद असेल. दर दोन वर्षांनी ऑइल बदलण्याची आणि घाटात खालच्या गिअरमध्ये उतरण्याची सवय सदस्यांना लावणे हे आमचे काम आहे.

‘परवानगी दिली की जो तो इंजिनिअर होईल’ हा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. जो तो आजच झाला आहे, फक्त त्याच्या कामाची कुठे नोंद नाही. वर्ग ‘क’ मध्ये प्रयोगाला जागाच नाही. तिथे तपासलेले किट तसेच्या तसे बसवायचे आहे.

६. विनंती

मागणी १ मधील ‘अ’ चे परिपत्रक आणि मागणी ६ मधील यादी यांना नवा कायदा लागत नाही, मोठा खर्चही नाही. पावसाळ्याआधी एवढे तरी व्हावे. उरलेल्या मागण्यांसाठी आयुक्तालय, चाचणी संस्था, उत्पादक, विमा कंपन्या आणि आमचे प्रतिनिधी यांची संयुक्त बैठक बोलवावी. ड्रम, एकेरी डिस्क आणि दुहेरी डिस्क बसवलेल्या आमच्या सदस्यांच्या गाड्या भरल्या वजनासह चाचणीसाठी देण्यास आम्ही तयार आहोत. कोणता बदल ठेवायचा आणि कोणता काढायचा, हे त्या चाचणीवरून ठरवावे. ती जे बदल नापास करील, ते आमच्या गाड्यांवरूनही काढले जातील.

आपले विश्वासू,

अध्यक्ष / सचिव
टूरिंग मोटरसायकलस्वार व दुचाकी गॅरेजचालकांच्या संघटनेच्या वतीने