सूर्य साठवायचा कशात?

ओझर म्हटले की शहरी वाचकास विमाने आठवतात, आणि ते स्वाभाविकही आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा तेथील कारखाना 1964 सालापासूनचा. मिग झाली, सुखोई झाली, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये तेथे बांधलेल्या तेजस मार्क 1ए ने पहिले उड्डाण केले तेव्हा वृत्तपत्रांची पहिली पाने त्या वार्तेने भरून गेली. आमचा आजचा विषय मात्र त्या धावपट्टीच्या कुंपणाबाहेरचा आहे. जानेवारी ते एप्रिल या काळात ओझर, पिंपळगाव, दिंडोरी या टापूत सकाळच्या थंड वेळी द्राक्षाचे घड खुडले जातात, निवडून पेट्यांत भरले जातात आणि दुपार उलटता उलटता प्री-कूलिंगच्या खोल्यांत ठेवले जातात. तेथून पुढे सहा ते आठ तास त्या घडांतील शेताची उष्णता काढून घेण्याचे काम चालते. म्हणजे सूर्य मावळून महाराष्ट्रातील प्रत्येक घरी दिवे, पंखे आणि दूरदर्शन संच सुरू होतात, नेमक्या त्याच घटकेस ओझरचा कॉम्प्रेसरही पूर्ण जोमाने धडधडत असतो.

या योगायोगाची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न आता केवळ द्राक्ष बागायतदारांचा राहिलेला नाही. सौर वीजकेंद्रांची संख्या वाढली तसे आपल्या वीजव्यवस्थेचे जुने वेळापत्रकच उलटेपालटे झाले आहे. पूर्वी रात्री वीज शिल्लक पडे, म्हणून शेतकऱ्यास रात्री वीज दिली जाई. आता भर दुपारी ती मुबलक असते आणि संध्याकाळी तिची ओढाताण होते. केंद्र सरकारने जून 2023 मध्ये वीजग्राहकांच्या हक्कांविषयीचे नियम सुधारले, त्याचे मर्म हेच. दिवसाच्या आठ ‘सौर तासां’तील दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी असावा आणि गर्दीच्या वेळी कारखाने व व्यापारी ग्राहकांना तो किमान 20 टक्के अधिक असावा, असे ते नियम सांगतात. शेतीग्राहक त्यांतून वगळलेले आहेत. त्याच वर्षी सप्टेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने विजेच्या बॅटऱ्यांसाठी, भांडवली खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत साहाय्य देणारी, 4000 मेगावॅट-तासांची योजना मंजूर केली. महाराष्ट्र सरकारनेही उदंचन जलविद्युत प्रकल्पांचे धोरण त्याच वर्षअखेरीस आखले.

या प्रयत्नांस आमचा विरोध नाही. उदंचनाचा धडा तर नाशिककरांच्या शेजारीच आहे. अकोले तालुक्यातील घाटघर येथे वरचे धरण आणि सह्याद्रीचा कडा उतरून खाली शहापूर तालुक्यात चोंढे येथे खालचे धरण. वीज स्वस्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचे, महाग असेल तेव्हा ते खाली सोडून 250 मेगावॅटपर्यंत वीज घ्यायची. 2008 पासून हा प्रकल्प उभा आहे. अशा व्यवहारात ढोबळमानाने चार युनिटे घालावी तेव्हा तीन परत मिळतात, आणि महाराष्ट्रासारख्या राज्याला ती घट परवडण्याजोगी आहे. परंतु आमचा प्रश्न वेगळा आहे. घाटघरची किंवा बॅटरीची वीज संध्याकाळी ओझरला पोहोचल्यावर तिचे होते काय? गारवा. मग दुपारची वीज साठवून संध्याकाळी तिचा गारवा करण्याऐवजी दुपारीच गारवा करून तो संध्याकाळपर्यंत ठेवता येत नाही काय?

येतो, आणि त्यासाठी लागणारी वस्तू प्रत्येकाच्या परिचयाची आहे. ती म्हणजे बर्फ. एक किलो बर्फ वितळताना, स्वतःचे तापमान शून्य अंशावरून तसूभरही न हलवता, जेवढी उष्णता गिळतो तेवढ्या उष्णतेने एक किलो पाणी शून्यापासून 80 अंशांपर्यंत तापवता येते. शाळेत आपण सर्वांनी ‘अप्रकट उष्मा’ म्हणून हे घोकले आणि परीक्षेनंतर विसरलो. त्याचा हिशेब मांडला तर एक टन बर्फात सुमारे 93 युनिटांइतका गारवा साठतो. एक टन द्राक्षे 30 अंशांवरून 4 अंशांपर्यंत आणावयास, भिंतींतून व दारांतून होणारी गळती सोडली, तर पावणेतीनशे ते तीनशे किलो बर्फ पुरतो. दहा टन माल रोज थंड करणाऱ्या संस्थेस म्हणजे तीन टनांची बर्फटाकी. ती भरण्यास शंभर-सव्वाशे युनिट वीज, आणि तीही दुपारच्या उन्हातील. दुपारी नळ्यांभोवती बर्फ जमवावा, संध्याकाळी त्याच टाकीतील थंडगार पाणी खेळवून खोल्यांतील हवा थंड करावी. मध्येच वीज गेली तर एक पंप आणि पंखे चालवण्यापुरते लहानसे जनित्र पुरते. प्रत्यक्ष साठवणीस लागणारे शून्याच्या आसपासचे तापमान केवळ शून्य अंशाच्या बर्फाने गाठता येत नाही हे खरे. त्यासाठी अखेरचे काम कॉम्प्रेसरवर सोपवावे लागते, किंवा टाकीत क्षारयुक्त पाणी गोठवावे लागते. आइस्क्रीमच्या लाकडी पॉटात बर्फाबरोबर मीठ टाकणाऱ्या आमच्या गृहिणींना या शास्त्राची ओळख करून देण्याचे कारण नाही.

यात नवल वाटावे असे काही नाही, हेच आम्ही सांगू इच्छितो. दूध दिवसातून दोनदा, आणि प्रत्येक वेळी थोड्या तासांतच, शीतकरण केंद्रांवर येते. त्या दोन झुंबडींसाठी अवाढव्य कॉम्प्रेसर बसवण्यापेक्षा लहान कॉम्प्रेसर बराच वेळ चालवून बर्फ साठवावा, ही युक्ती दुग्धव्यवसायाने कित्येक दशकांपूर्वीच अंगीकारली. त्याही आधी, 1833 साली, बोस्टनकडील तळ्यांतला हिवाळी बर्फ भुश्शात गुंडाळून जहाजाने कलकत्त्यास उतरवण्यात आला होता. चार महिन्यांचा सागरी प्रवास करून जो गारवा टिकला, तो ओझरच्या उत्तम उष्मारोधक टाकीत दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत टिकणार नाही, असे कोण म्हणेल?

उष्णतेचीही तीच गोष्ट आहे. लातूरच्या महानंद दुग्धशाळेत सुमारे वीस वर्षांपूर्वी मुंबईच्या आयआयटीतील प्रा. शिरीष केदारे यांच्या संशोधनातून साकारलेली ‘अरुण’ ही सौर तबकडी बसवण्यात आली. सूर्याचा पाठलाग करणारी ही प्रचंड आरशांची थाळी दाबाखालील पाणी तापवी आणि ते पाणी टाकीत साठवून दूध पाश्चरीकरणास वापरले जाई. स्पेनमध्ये सेव्हिलजवळचे हेमासोलार केंद्र 2011 पासून वितळलेल्या क्षारांत पंधरा तासांची उष्णता धरून ठेवते. फिनलंडमधील पोर्नाइनेन गावी 2025 साली दोन हजार टन दगडी चुऱ्याचे कोठार गाव उबदार ठेवण्यासाठी उभे राहिले. आणि फिनलंड तरी कशाला? निफाडचा पारा हिवाळ्यात 5 अंशांच्या खाली उतरतो तेव्हा तेथील बागायतदार पहाटे शेकोट्या पेटवतो आणि ठिबकाने विहिरीचे पाणी सोडतो, ते का? जमिनीच्या पोटातल्या पाण्याने धरून ठेवलेली ऊब मुळांपाशी यावी म्हणून. त्याला कोणी ऊर्जासंचयाचे व्याख्यान दिलेले नव्हते.

तेव्हा तत्त्व साधे आहे: ज्या रूपात ऊर्जा वापरावयाची, शक्य तोवर त्याच रूपात ती साठवावी. दिवसा उपसून शेततळ्यात चढवलेले पाणी हाही साठवलेला सूर्यच. शेतीपंपांना दिवसा वीज देण्याचे धोरण आम्हांस सर्वांत अधिक पटते ते याच कारणास्तव. निफाडच्या उसात बिबट्याचा वावर असताना रात्री दोन वाजता मोटार सुरू करावयास जाणाऱ्या माणसाचे भय कोणत्याही ताळेबंदात मांडलेले आमच्या पाहण्यात नाही.

तथापि बर्फाच्या टाकीचे गुणगान करताना तिचे अवगुण झाकणे योग्य होणार नाही. बर्फ जमवताना कॉम्प्रेसरला शून्याखाली उतरावे लागते, म्हणून तेवढ्याच गारव्यासाठी वीज अधिक लागते. ती वाढ एक चतुर्थांश धरू. मूळ दर युनिटास 10 रुपये मानला तर नियमांप्रमाणे दुपारचा 8 व संध्याकाळचा 12 होईल. पण दुपारी एका युनिटाऐवजी सव्वा युनिट जळेल, म्हणजे 12 रुपयांचे काम 10 रुपयांत. कागदावर 4 रुपये दिसणारी बचत प्रत्यक्षात 2 रुपयांवर येते. शिवाय द्राक्षाचा हंगाम जेमतेम चार महिन्यांचा. उरलेले आठ महिने टाकी रिकामी राहिली तर तिचे व्याज कोण भरणार? लहान कॉम्प्रेसर पुरल्याने मंजूर वीजभारात होणारी कपात, डिझेलचा वाचणारा खर्च आणि पावसाळ्यात त्याच टाकीवर चालवता येणारे दुधाचे किंवा भाजीपाल्याचे शीतकरण ही सर्व जमेस धरली तरच हिशेब बसतो. एकट्या तीन-चार एकरांच्या बागायतदारास तो बसणार नाही, आणि मोठ्या निर्यातदारास आमच्या सल्ल्याची आवश्यकता नाही.

येथेच ओझरचा दुसरा इतिहास उपयोगी पडतो. वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटाशी असलेल्या या गावास हक्काचे पाणी पोहोचत नसे. समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी 1990 च्या सुमारास शेतकऱ्यांना एकत्र आणून पाणीवापर संस्था उभ्या केल्या. संस्थेने पाटबंधारे खात्याकडून पाणी मोजून, घाऊक घ्यावे आणि सभासदांना आपल्या नियमांनी वाटावे. कालव्याचे पाणी ओढ्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडून विहिरींत मुरवावे, म्हणजे आवर्तन संपले तरी पाणी हाताशी राहते. पुढे साऱ्या वाघाड प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आले, आणि 2005 साली राज्याने या पद्धतीचा कायदाच केला. घाऊक विकत घेणे, गरजेपूर्वी साठवणे, मोजून वाटणे आणि भांडण गावातच मिटवणे या चारही गोष्टी ज्यांनी पाण्याच्या बाबतीत करून दाखवल्या, त्यांना गारव्याच्या बाबतीत त्या शिकवाव्या लागतील असे आम्हांस वाटत नाही.

त्यांच्या मार्गातील अडथळा कागदाचा आहे. साठवणुकीचे सरकारी धोरण मेगावॅट आणि मेगावॅट-तास यांच्या भाषेत बोलते. जी वस्तू वीज परत देत नाही ती त्याच्या दृष्टीने साठवणूकच नव्हे. तीन टन बर्फामुळे संध्याकाळी शंभर युनिटांची मागणी टळली काय, किंवा बॅटरीने शंभर युनिटे पुरवली काय, वीजवाहिनीवरील परिणाम एकच. मग एकीस साहाय्य आणि दुसऱ्याकडे डोळेझाक का? दुसरी अडचण दराची. शेतीग्राहकांना नियमांतून वगळण्यामागील हेतू चांगला असेल, पण शेतमालाची शीतगृहे कोणत्याही वर्गात बसवली जावोत, दिवस-रात्रीच्या दरांतील फरक स्वेच्छेने घेण्याची मुभा त्यांना असली पाहिजे. राज्य वीज नियामक आयोगाने हे एका परिच्छेदात स्पष्ट करण्यास हरकत नसावी.

आणि हे सारे राज्यभर एकदम करावे असा आमचा आग्रह नाही. ओझर परिसरातील बागायतदारांच्या एखाद्या सहकारी संस्थेस एक बर्फटाकी सरकारी साहाय्याने बसवून द्यावी, तिच्यावर दोन मीटर लावावेत – एक विजेचा, एक काढून घेतलेल्या गारव्याचा – आणि त्यांवरील नोंदी दर महिन्यास जाहीर कराव्यात. द्राक्षाची गोड्या बहाराची छाटणी ऑक्टोबरात होते व पहिला माल जानेवारीत हाती येतो. टाकी बांधून, तपासून, भरून पाहण्यास तेवढे महिने पुरतात.